जुनी स्पोर्ट्स कार, घरचे गॅरेज : ऑस्ट्रेलियातील एमजीबीची पुनर्बांधणी, बदल आणि नोंदणी

'एमजी' म्हटले की आज पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हेक्टर उभी राहते आणि मेलबर्नमधल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एखादी आटोपशीर एसयूव्ही. दोन्हींवर तोच अष्टकोनी शिक्का असतो. ही दोन अक्षरे मुळात 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डमधील गॅरेजची आहेत, आणि ज्या गाडीने ती जगभर पोहोचवली ती एसयूव्ही नव्हती. एमजीबी ही दोन आसनी, उघड्या छताची स्पोर्ट्स कार सप्टेंबर १९६२ मध्ये बाजारात आली. ऑक्टोबर १९८० पर्यंत इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तिचे उत्पादन चालू होते आणि तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या.

त्यांतील सुमारे ९,००० गाड्यांचा जन्म ऑस्ट्रेलियात झाला. १९६३ ते १९७२ या काळात तिचे सुटे भाग पेट्यांतून जहाजाने सिडनीला येत आणि बीएमसी ऑस्ट्रेलिया ही कंपनी येथे त्यांची जुळवणी करी. स्थानिक बनावटीच्या भागांचे प्रमाण वाढवण्याची सरकारी अट आली आणि एवढ्या कमी संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीला ती परवडेना, म्हणून जुळवणी थांबली. कंपनीचा मुख्य कारखाना झेटलंडला, जुन्या व्हिक्टोरिया पार्क रेसकोर्सच्या जागेवर होता. आज तेथे सदनिकांच्या इमारती आहेत. ऑस्ट्रेलियात जुळवलेली एमजीबी ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चासी क्रमांक. ॲबिंग्डनच्या गाडीचा क्रमांक 'जीएचएन'ने सुरू होतो, सिडनीच्या गाडीत त्याआधी 'वाय' हे अक्षर असते.

घरच्या गॅरेजमध्ये जुनी स्पोर्ट्स कार उभी करू पाहणाऱ्यांची येथील पहिली पसंती बहुधा हीच गाडी असते. त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच हिशेबही आहे. गाडीचे वजन ९०० किलोच्या आसपास, इंजिन १,७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि ओतीव लोखंडाचे. संगणक कुठेही नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत पाना पोहोचतो. सुटे भाग आजही नव्याने बनतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्याच साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी दाबून देते. जुन्या गाड्यांच्या जगात अशी सोय फार थोड्या गाड्यांना लाभली आहे.

मराठी व्यावसायिकाच्या दृष्टीने यात एक वेगळी अडचण असते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला गाडीचे काम म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, त्याच्या हाताखालचा पोऱ्या आणि दुपारपर्यंत चालू होणारी गाडी असेच ठाऊक असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावली, ती याच गॅरेजवाल्यांच्या हातगुणामुळे. ऑस्ट्रेलियात तोच हातगुण तासाला शंभर डॉलरहून अधिक दराने विकत घ्यावा लागतो, आणि पूर्ण पुनर्बांधणीला असे शेकडो तास लागतात. त्यामुळे मध्यमवर्गीय माणसाला दोनच मार्ग उरतात. एकतर दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी घेणे, नाहीतर स्वतः हात काळे करणे. निव्वळ पैशांचा विचार केला तर पहिला मार्ग जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो, हे आरंभीच स्पष्ट असलेले बरे. अर्धवट खोललेली गाडी स्वस्तात घेऊन ती पूर्ण करण्याचा बेत म्हणजे अनेकदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ठरतो. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याने ते कामाच्या आवडीपोटी करावे. गुंतवणुकीचा आधार त्याला देऊ नये.

खरेदी : इंजिन नव्हे, पत्रा

नवख्या खरेदीदाराचे लक्ष इंजिनाकडे जाते. तो ते चालू करून पाहतो, धूर पाहतो, आवाज ऐकतो. अनुभवी माणूस आधी गुडघे टेकून दाराखाली पाहतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे आणि उघड्या गाडीला छताचा आधार नसल्याने सगळा भार दोन्ही दारांखालच्या लांबट पेट्यांवर येतो. या पेट्यांना 'सिल' म्हणतात. बाहेरून दिसतो तो तिचा केवळ एक पत्रा असतो. आत एक उभा पत्रा, पलीकडे आतली बाजू आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या आकाराची पट्टी, असे मिळून ती पेटी तयार होते. पावसाचे पाणी, धूळ आणि समुद्राकडची खारी हवा आत साचते आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतले दोन थर बहुधा संपलेले असतात.

लोहचुंबक हे येथील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक हत्यार होय. पातळ फडक्यात गुंडाळून ते सिलच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून आणि पुढच्या पंखांच्या माथ्यावरून फिरवावे. जेथे ते पकड सोडते तेथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. त्यानंतर दार उघडून बंद करावे. दार आणि बॉडी यांतील फट वर अरुंद व खाली रुंद, किंवा याच्या उलट असेल, तर गाडी मधोमध वाकली आहे असे समजावे. आसनांमागे, तळाशी बॅटऱ्यांची पेटी असते. जुन्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असत आणि त्यांतील आम्लाने त्या पेट्यांची चाळण होत असे.

इंजिन खराब असेल तर ते घरी उतरवता येते, शहरातील मशिन शॉपमध्ये सिलिंडर बोअर करून घेता येतात आणि पुन्हा बसवता येते. सगळा खर्च आधी अंदाजता येतो. कुजलेल्या पत्र्याचा खर्च मात्र तो कापल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच मृत इंजिनाची पण निरोगी बॉडीची गाडी ही झकपक रंगाच्या, सुरेल इंजिनाच्या पण कुजलेल्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली खरेदी असते. क्वीन्सलंडच्या दमट किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या गाडीपेक्षा न्यू साउथ वेल्सच्या कोरड्या पश्चिम भागातील गाडीला दोन पैसे जास्त मोजण्याची रीत याच कारणाने पडली आहे.

पैसे देण्यापूर्वी एक कागदी काम अवश्य करावे. पीपीएसआर या केंद्रीय नोंदवहीत अवघ्या दोन डॉलरमध्ये शोध घेता येतो. नोंदवहीत समाविष्ट असलेल्या गाडीवर कुणाचे कर्ज आहे का, ती चोरीची किंवा अपघातानंतर बाद ठरवलेली आहे का, हे त्यातून कळते. जुन्या गाड्यांचे लहान चासी क्रमांक आधुनिक सतरा अक्षरी पद्धतीत बसत नाहीत, त्यामुळे शोध घेताना क्रमांक पट्टीवरून जसाच्या तसा, दोनदा पडताळून घ्यावा. विक्रेता तो क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तेथेच थांबवलेला बरा.

सिल बदलणे

एमजीबीच्या पुनर्बांधणीतील खरी परीक्षा येथे असते आणि बहुतेक फसलेल्या गाड्या येथेच फसलेल्या असतात. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या पंखांच्या खाली दोन्हीकडे शिरलेला असतो. तो नीट काढायचा तर पंखांचा खालचा भाग कापून पुन्हा जोडावा लागतो. हे टाळण्यासाठी अनेकांनी पूर्वी जुन्या, कुजक्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्डिंग केले. अशी गाडी दिसते छान, पण तिच्या पोटात गंज तसाच वाढत राहतो आणि धडक बसली तर ती पेटी भार पेलत नाही.

योग्य पद्धत संथ आहे. दार काढण्याआधी सगळ्या फटी मोजून लिहून ठेवायच्या. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, लोखंडी नळीचा आडवा टेकू तात्पुरता जोडायचा, म्हणजे सिल कापल्यावर बॉडी मिटणार नाही. गाडी समतल जागी आणि भार सर्वत्र सारखा पडेल अशी टेकवायची. एकावेळी एकच बाजू कापायची. नवे पत्रे आधी क्लॅम्पने धरून, दार पुन्हा बसवून, फटी मूळ मापाशी पडताळायच्या आणि मगच वेल्डिंगची पहिली ठिणगी पाडायची. दोन्ही सिल एकदम कापून, दारे न बसवता वेल्डिंग केलेल्या गाड्यांची दारे पुढे कधीच नीट लागत नाहीत. तसे झाले तर सगळे वेल्डिंग पुन्हा कापण्यावाचून त्यावर उपाय नाही. शेवटी पेटीच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारायचे. हा टप्पा कुणाच्या डोळ्यांना दिसणार नाही म्हणून वगळला जातो, आणि दहा वर्षांनी तेच काम पुन्हा निघते.

वेल्डिंग शिकण्यासाठी टेफ संस्थांचे लहान अभ्यासक्रम उपयोगी पडतात. त्याहून मोलाची असते ती माणसांची साथ. प्रत्येक राज्यात एमजी कार क्लब आहेत, आणि ऑस्ट्रेलियातच उदयाला आलेली 'मेन्स शेड' ही कल्पना अनेक उपनगरांत रुजली आहे. निवृत्त झालेले फिटर, टर्नर, वेल्डर तेथे एकत्र बसून काम करतात. कार्यालय आणि मराठी मंडळ यांपलीकडे ऑस्ट्रेलियन समाजाशी फारसा संबंध न आलेल्या कुटुंबांना हे एक अनपेक्षित दार ठरू शकते. वेल्डिंग टॉर्च हाती धरणाऱ्याला कुणी त्याच्या उच्चारांबद्दल विचारत नाही.

गॅरेजमधील धोके

घरगुती गॅरेजमध्ये माणसे मरतात, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते : केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक आयोग याविषयी सातत्याने इशारे देत आला आहे. योग्य क्षमतेचे स्टँड, कठीण आणि सपाट जमीन, चाकांना अडण्या, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी जोराने हलवून पाहणे, एवढे तरी चुकवू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ऑस्ट्रेलियाने ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली, पण १९६० आणि ७० च्या दशकांतील गाड्यांच्या ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये ते सर्रास वापरलेले आहे. ब्रेकचा ड्रम काढून आतली धूळ हवेच्या झोताने उडवणे ही जुन्या गॅरेजांतली सवय येथे सक्त टाळावी. धूळ ओली करून पुसावी, योग्य मुखपट्टी वापरावी आणि फडके बंद पिशवीत टाकावे. परदेशातून जुनी गाडी किंवा वापरलेले भाग मागवणाऱ्यांनाही हे लागू पडते, कारण ॲस्बेस्टॉस असलेला माल सीमेवर अडवला जातो आणि तपासणीचा खर्च मागवणाऱ्याच्या माथी येतो.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. टू-पॅक रंगातील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकते आणि साध्या मुखपट्टीने ते अडत नाही. त्यामुळे रंगकाम व्यावसायिकाकडे सोपवणे हाच शहाणपणा. घासणे, सांधणे, प्रायमरपर्यंतची तयारी घरी करावी. रंगाच्या बिलाचा मोठा भाग या तयारीचाच असतो.

यंत्रभाग

पत्र्यानंतर ब्रेक, त्यानंतर स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, आणि सर्वांत शेवटी इंजिन, हा क्रम पाळावा. गाडी पळेल तेव्हा ती थांबलीही पाहिजे. सुरुवातीच्या एमजीबीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा होता, म्हणजे एका चाकाची रबरी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे सर्व रबरी नळ्या आणि सील वय न पाहता बदलावेत.

इंजिनाबाबत वर्ष महत्त्वाचे. १९६४ च्या उत्तरार्धापर्यंतच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंग होत्या, पुढे पाच झाल्या. पाच बेअरिंगचे इंजिन अधिक दणकट, तर तीन बेअरिंगचे संग्राहकांना प्रिय. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाले, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि विजेची जोडणी उलटली. त्यापूर्वीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. हे न जाणता अशा गाडीत आधुनिक रेडिओ किंवा फोनचा चार्जर बसवला तर तो जळतो. गाडीत वायर ओढण्याआधी ती कोणत्या पद्धतीची आहे हे तपासावे, आणि मधल्या मालकाने ती बदलली होती का हेही, कारण पन्नास वर्षांत अनेकांनी तसे केले आहे.

ल्युकस कंपनीच्या विद्युत साहित्याची आजवर जेवढी टिंगल झाली आहे तेवढी त्याची लायकी नाही. बहुतेक दोष गंजलेल्या अर्थिंगचे आणि आधीच्या मालकांनी चिकटपट्टीने जोडलेल्या तारांचे असतात. अर्थिंगचे सांधे घासून स्वच्छ केले की निम्मे 'गूढ' दोष नाहीसे होतात. विद्युत इंधनपंप ही मात्र खरोखर लहरी वस्तू आहे. त्याचे संपर्कबिंदू अडकले की गाडी भररस्त्यात थांबते आणि पंपाला हलका ठोका दिला की पुन्हा चालू होते. अनेक मालक त्यासाठी डिकीत एक लाकडी हातोडी बाळगत.

इंधनाचा प्रश्न ऑस्ट्रेलियात वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. नव्या गाड्यांसाठी १९८६ पासून शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ जानेवारी २००२ पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांत शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. ते नसल्याने दीर्घकाळ वेगाने चालणाऱ्या गाडीत बैठक झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातो. सिलिंडर हेड उघडलेच आहे तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. तोवर इंधनात मिसळण्याचे द्रव्य चालते. एमजीबीच्या उच्च दाबाच्या इंजिनाला ९५ किंवा ९८ ऑक्टेनचे पेट्रोल द्यावे आणि इथेनॉलमिश्रित ई१० टाळावे, कारण जुन्या रबरी नळ्या त्याने सुजतात व तडकतात. गरम इंजिनावर पेट्रोलची गळती म्हणजे आगीला आमंत्रण.

मेलबर्न किंवा ॲडलेडच्या चाळीस अंशांच्या दुपारी वाहतुकीत अडकलेली एमजीबी तापते, अशी सार्वत्रिक तक्रार असते. लोक लगेच मोठा पंखा लावतात. आधी रेडिएटर आतून साफ करावा, इंजिन ब्लॉकमध्ये साचलेला गाळ काढावा आणि इग्निशनचे टायमिंग तपासावे. मूळ यंत्रणा नव्यासारखी असेल तर बहुतेकदा तेवढ्याने काम भागते.

बदल : किती आणि कोणते

पुनर्बांधणी आणि बदल या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या कोठे फुटतात हे काम सुरू होण्याआधी ठरवावे. एक कसोटी उपयोगी पडते : बदल एका आठवड्याच्या शेवटी उलटवता येईल का? इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटसाठी रिले, आपोआप आवळणारे सीटबेल्ट, चांगले टायर हे बदल गाडी अधिक सुरक्षित आणि विश्वासार्ह करतात, आणि मूळ भाग डब्यात जपून ठेवता येतात. पाच गिअरचा बॉक्स हा त्यापुढचा टप्पा. हमरस्त्यावर लांब जाणाऱ्याला तो मोठा दिलासा देतो.

सर्वांत गाजलेला बदल म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिन. इंग्लंडमध्ये केन कॉस्टेलो याने रोव्हरचे ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही८ इंजिन एमजीबीत बसवून दाखवले. ते मूळच्या लोखंडी इंजिनाएवढ्याच वजनाचे होते. नंतर कारखान्याने स्वतःच १९७३ ते १९७६ मध्ये एमजीबी जीटी व्ही८ काढली. तिच्या २,५९१ गाड्या बनल्या. ऑस्ट्रेलियात या कथेला स्थानिक वळण मिळाले. झेटलंडच्याच कारखान्यातून १९७३ मध्ये लेलँड पी७६ ही मोठी कुटुंबगाडी बाहेर पडली. डिकीत ४४ गॅलनचे पिंप मावते ही तिची जाहिरात होती. तिच्यात त्याच रोव्हर इंजिनाचा ४.४ लिटरचा ऑस्ट्रेलियन अवतार होता. गाडी चालली नाही आणि कारखाना बंद पडला, पण तिची इंजिने भंगारातून निघून एमजीबींच्या बॉनेटखाली गेली. एकाच शहरातील दोन गाड्यांचे हे मीलन ऐकायला सुरेख वाटते. मात्र आज ते कायदेशीर करणे सत्तरच्या दशकाइतके सोपे नाही.

गाड्यांमधील बदलांसाठी ऑस्ट्रेलियात 'व्हीएसबी १४' ही राष्ट्रीय संहिता आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, आसने, इंधनव्यवस्था अशा प्रत्येक विषयाचे तिचे स्वतंत्र प्रकरण आहे. गाडीच्या मूळ वजनाच्या पटीत इंजिनाची कमाल क्षमता ठरते आणि टर्बो असेल तर मर्यादा आणखी खाली येते. हलक्या एमजीबीत ४.४ लिटरचे इंजिन घालण्याआधी हे गणित मांडून पाहणे अत्यावश्यक. गाडी खाली बसवायची असेल तरी जमिनीपासून किमान १०० मिलिमीटर अंतर राखावे लागते. शिवाय गाडी बनली त्या काळी लागू असलेले ऑस्ट्रेलियन डिझाइन रूल्स तिला पाळावेच लागतात. किरकोळ बदल मालकाला करता येतात. इंजिन, ब्रेक किंवा बॉडीच्या रचनेतील मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. विजेवर चालणारी मोटर आणि बॅटऱ्या बसवण्याची कल्पना अभियंत्यांना विशेष भुरळ घालते, तिलाही हेच लागू होते.

प्रमाणपत्राची व्यवस्था राज्यागणिक निराळी आहे. व्हिक्टोरियात तिला व्हास म्हणतात, न्यू साउथ वेल्समध्ये परवानाधारक प्रमाणक असतात, क्वीन्सलंडमध्ये गाडीवर बदलाची पट्टी बसवली जाते. राज्य कोणतेही असो, अभियंत्याला काम सुरू होण्याआधी भेटावे. झाकून गेलेले वेल्डिंग तो पाहू शकत नाही, आणि न पाहिलेल्या कामावर सही करण्यास तो बांधील नाही. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवावीत.

यात पणाला लागते ते केवळ दंडाचे पैसे नव्हेत. विमा कंपनीला न कळवलेला किंवा प्रमाणपत्र नसलेला बदल असेल तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो आणि समोरच्या महागड्या गाडीचा खर्च स्वतःच्या घरावर येऊ शकतो. जुन्या गाडीचा विमा आधीच ठरवलेल्या किमतीवर घ्यावा आणि बदलांची यादी कंपनीला लेखी द्यावी.

रस्त्यावर आणणे

पूर्ण रेगो भरण्याऐवजी बहुतेक मालक क्लबमार्फत सवलतीची नोंदणी घेतात. व्हिक्टोरियात २५ वर्षांहून जुन्या गाडीला वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचा क्लब परवाना मिळतो. न्यू साउथ वेल्समध्ये ३० वर्षे पूर्ण झालेल्या मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी एक आणि बदल केलेल्या गाड्यांसाठी दुसरी योजना आहे, आणि वहीवर वर्षाला ६० दिवस गाडी चालवता येते. दोन्हीकडे मान्यताप्राप्त क्लबचे सभासदत्व हवेच. गाडी बाहेर काढण्याआधी वहीत तारीख लिहायची असते. 'परत आल्यावर लिहू' म्हणून निघालेला माणूस पोलिसांनी थांबवल्यास विनानोंदणी गाडी चालवणारा ठरू शकतो.

एमजीबीचा पत्रा पाहून ज्याचे धैर्य खचते, त्याच्यासाठी १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ हा उत्तम पर्याय आहे. पहिल्या पिढीच्या पुष्कळ गाड्या आता तीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, त्यामुळे क्लबची दारे त्यांना खुली झाली आहेत. वजन एमजीबीएवढेच, पण इंधन इंजेक्शन आहे, ब्रेक चांगले आहेत आणि खुद्द माझदा जुने भाग पुन्हा बनवते. गंज मात्र तिलाही चुकलेला नाही. छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की मागच्या चाकापुढचा सिल कुजतो. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर गाड्यांत क्रँकशाफ्टचे टोक आखूड होते आणि तेथील पुलीचा बोल्ट ढिला पडून क्रँक खराब होत असे, तेवढे पाहून घ्यावे.

ही गाडी पुढे भारतात नेता येईल का, असाही विचार काहींच्या मनात असतो. आयातशुल्क आणि परवान्यांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नोंदणीचा नियम लक्षात घेण्याजोगा आहे. भारताने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि त्या प्रदर्शने, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. सिडनीत जुळवलेली प्रत्येक एमजीबी वयाच्या या अटीत बसते. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. पी७६ च्या इंजिनाची एमजीबी व्हिक्टोरियात क्लबच्या पाटीवर धावू शकते, पुण्यात व्हिंटेज म्हणून तिची नोंद होणार नाही. मूळ इंजिन विकून टाकण्याआधी ते तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवणारे लोक बहुधा याच हिशेबाने वागतात.